विशीतील निर्णय: कोणते सुधारता येतात, कोणते नाहीत

वयाची वीस ते तीस ही दहा वर्षे प्रत्येकाच्या आयुष्यात निर्णयांची गर्दी घेऊन येतात. शिक्षण कोणत्या शाखेत पूर्ण करावे, पहिली नोकरी कोठे स्वीकारावी, गाव सोडावे की नाही, स्पर्धा परीक्षेला किती वर्षे द्यावीत, विवाह केव्हा करावा, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. घरातील वडीलधारी मंडळी, शिक्षक, मित्र आणि आता हातातील मोबाइल संच, सर्वांकडून सल्ल्यांचा वर्षाव होत असतो. सल्ला कमी पडतो, अशी तक्रार आजचा तरुण करणार नाही. कोणता निर्णय किती गांभीर्याने घ्यावा, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही.

या वयातील निर्णयांची ढोबळमानाने दोन गटांत विभागणी करता येते. काही निर्णय चुकले तरी पुढे सुधारता येतात. त्यासाठी वेळ जातो, मनस्ताप होतो, पण मार्ग बंद होत नाही. काही निर्णय मात्र एकदा हातून गेले की परत घेता येत नाहीत, किंवा त्यांची भरपाई करण्यात पुढची कित्येक वर्षे खर्ची पडतात. विशीतील बहुतेक तरुण पहिल्या गटातील निर्णयांची धास्ती घेतात आणि दुसऱ्या गटातील निर्णय मात्र सहज, कधी कधी एका सहीनिशी, घेऊन मोकळे होतात. ही उलटापालट टाळणे, हाच या वयासाठी सर्वांत उपयोगी सल्ला म्हणता येईल.

क्षेत्र बदलता येते

'चुकीची शाखा निवडली तर आयुष्य वाया जाईल' ही भीती आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. प्रत्यक्षात पहिली शाखा आणि शेवटचे काम यांचा संबंध वाटतो तितका पक्का नसतो.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात प्रवेशही घेतला. परंतु त्यांना रंगांधळेपणा असल्याचे लक्षात आले आणि चित्रकलेचा मार्ग बंद झाला. त्यांनी यंत्रांच्या रेखाचित्रांकडे मोर्चा वळवला, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत अध्यापन केले, आणि तेथे बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा सुरुवातीला शेतकरी तो घ्यायलाही तयार नव्हते. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली ती या सर्व वळणांनंतर. विशीत त्यांना कोणी यशस्वी म्हटले असते, असे वाटत नाही.

दुसरे उदाहरण डॉ. श्रीराम लागू यांचे. ते कान, नाक आणि घशाचे शल्यचिकित्सक होते. वैद्यकीचा व्यवसाय त्यांनी पुण्यात केला, आफ्रिकेतही केला. १९६९ साली, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावरून पुढे गेल्यावर, त्यांनी पूर्णवेळ रंगभूमी स्वीकारली. वैद्यकीय शिक्षणाची वर्षे फुकट गेली, असे त्यांच्याबाबत कोणी म्हणणार नाही. मात्र त्यांच्या उदाहरणातील एक गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. नाटकाची साधना त्यांनी वैद्यकी करीत असतानाच अनेक वर्षे चालू ठेवली होती. चरितार्थाचे साधन हाती ठेवून त्यांनी हा बदल केला.

या उदाहरणांवरून प्रत्येकाला मोठेपण मिळेल, असा निष्कर्ष काढू नये. त्यांतून इतकेच दिसते की पहिली नोकरी, पहिले शहर, पहिली पदवी हे प्रवासातले थांबे आहेत. पहिल्या नोकरीत पगार किती, यापेक्षा तेथे दोन वर्षांत कोणते काम स्वतंत्रपणे करता येऊ लागेल, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. पगार पुढच्या नोकरीत वाढू शकतो. न शिकलेले काम आपोआप येत नाही.

स्पर्धा परीक्षा आणि वर्षांचा हिशेब

स्पर्धा परीक्षा या दोन्ही गटांच्या सीमेवर येतात. परीक्षेत अपयश येणे ही सुधारता येणारी बाब आहे. मात्र त्या परीक्षेसाठी किती वर्षे द्यायची हे न ठरवणे, ही सुधारता न येणारी बाब आहे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेचे आकडे पाहावेत. अर्ज ९ लाख ९२ हजार ५९९ उमेदवारांनी केले होते. पूर्वपरीक्षेस प्रत्यक्ष बसले ५ लाख ८३ हजार २१३. मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले १४ हजार ६२७, मुलाखतीपर्यंत पोहोचले २ हजार ८४५ आणि अंतिम शिफारस झाली १ हजार ९ जणांची. म्हणजे परीक्षेस बसलेल्या दर ५७८ उमेदवारांमागे एकाची निवड झाली. मुलाखतीपर्यंत गेलेल्यांपैकीही १ हजार ८३६ जण अखेरच्या यादीत नव्हते. त्यांच्या अभ्यासात किंवा बुद्धीत मोठी उणीव होती, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. जागाच तेवढ्या होत्या.

खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला या परीक्षेसाठी सहा प्रयत्न आणि वयाची ३२ वर्षे अशी मर्यादा आहे. इतर मागास वर्गासाठी नऊ प्रयत्न आणि ३५ वर्षे, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ३७ वर्षांपर्यंत प्रयत्नांवर बंधन नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत कमाल वय खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ आहे. या मर्यादा संधी नाकारली जाऊ नये म्हणून ठेवलेल्या आहेत. त्या वयापर्यंत तयारीच करीत राहावे, असा त्यांचा अर्थ नाही. तरीही पुण्यातील पेठांत आणि दिल्लीच्या राजेंद्रनगर, मुखर्जीनगर परिसरात अभ्यासिकेतील एक वर्ष दुसऱ्या वर्षात मिसळून जाते आणि 'आता एवढी वर्षे दिली, आणखी एक देऊ' हा विचार निर्णयाची जागा घेतो. दिलेली वर्षे परत येणार नसतात. म्हणूनच पुढचे वर्ष द्यावे की नाही, हे पुढच्या वर्षाकडे पाहून ठरवावे, मागच्या वर्षांकडे पाहून नव्हे.

यावर उपाय साधा आहे, पण तो तयारी सुरू करतानाच करावा लागतो. किती प्रयत्न द्यायचे, कोणत्या तारखेनंतर थांबायचे आणि थांबल्यावर काय करायचे, हे कागदावर लिहून घरच्यांना सांगून ठेवावे. निकालाच्या दिवशी मन ठिकाणावर नसते. निर्णय आधीच झालेला असेल तर तो पाळणे तुलनेने सोपे जाते. दरम्यान एखादी पदव्युत्तर पदवी, संगणकाचे कौशल्य, भाषांतर, अध्यापन किंवा अर्धवेळ काम यांपैकी काहीतरी चालू ठेवावे. मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या, परंतु निवड न झालेल्या उमेदवारांची माहिती त्यांच्या संमतीने नोकरी देणाऱ्या संस्थांना उपलब्ध करून देणारी 'प्रतिभा सेतू' ही व्यवस्था केंद्रीय आयोगाने केलेली आहे. तिचाही उपयोग करून घ्यावा.

सही करण्यापूर्वी

अठरा वर्षे पूर्ण झाली की आपल्या सहीला कायद्याने किंमत येते. विशीत मात्र ही किंमत फारशी लक्षात घेतली जात नाही.

सर्वांत नेहमीचा प्रसंग जामीन राहण्याचा. मित्र, चुलतभाऊ किंवा कार्यालयातील सहकारी पतसंस्थेतून अथवा बँकेतून कर्ज घेतो आणि 'नुसती सही हवी आहे' असे म्हणतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही नमूद नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराने हप्ते थकवले तर वसुलीसाठी संस्था थेट जामीनदाराकडे येऊ शकते. आधी कर्जदाराकडूनच वसूल करावे, असा आग्रह जामीनदाराला सहसा धरता येत नाही. थकबाकीची नोंद जामीनदाराच्या पतअहवालातही उमटू शकते आणि काही वर्षांनी स्वतःच्या घरासाठी कर्ज मागताना ती आडवी येते. नाते जपण्यासाठी नकार देणे अवघड असते, हे खरे. पण जी रक्कम स्वतः फेडण्याची तयारी नाही, तिला जामीन राहू नये. मदत करायचीच असेल तर झेपेल तेवढी रक्कम हातावर द्यावी आणि ती परत आली नाही तरी चालेल, अशी मनाची तयारी ठेवावी.

दुसरा प्रसंग अलीकडच्या काळातील आहे. 'तुमचे बँक खाते काही दिवस वापरायला द्या, दर व्यवहारामागे कमिशन देऊ' असा प्रस्ताव महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आणि नव्याने नोकरीस लागलेल्यांना येतो. ऑनलाइन फसवणुकीतून लुबाडलेला पैसा फिरवण्यासाठी अशी खाती वापरली जातात. तपास सुरू झाला की पोलीस प्रथम खातेदाराच्या दारात येतात, कारण कागदोपत्री पैसा त्याच्याच खात्यात आलेला असतो. खाते गोठवले जाते, चौकशी होते आणि गुन्हा दाखल झाल्यास शासकीय नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत त्याचे उत्तर द्यावे लागते. खाते, एटीएम कार्ड, सिम कार्ड आणि ओटीपी कोणालाही, कोणत्याही कारणासाठी देऊ नये. आपलीच फसवणूक झाली असेल तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत पैसा अडवला जाण्याची शक्यता अधिक असते.

तिसरा प्रसंग नोकरीच्या कराराचा. ठराविक वर्षे नोकरी न केल्यास ठराविक रक्कम भरावी लागेल, अशा अटी अनेक नियुक्तिपत्रांत असतात. 'असल्या अटी न्यायालयात टिकत नाहीत' असे सर्रास सांगितले जाते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक क्षेत्रातील बँकेच्या प्रकरणात तीन वर्षे सेवा अथवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. प्रत्येक करार असाच वैध ठरेल असे नाही, पण न वाचता सही करणे धोक्याचे आहे एवढे यातून निश्चित दिसते. नियुक्तिपत्र घरी आणावे, पूर्ण वाचावे, न समजलेला मुद्दा विचारावा आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात ठेवू नयेत.

कर्जाचा वेग

'ऋण काढून सण करू नये' ही म्हण जुन्या पिढीने अनुभवातून घडवलेली आहे. आज कर्ज मागायला सावकाराच्या ओटीवर जावे लागत नाही. ते मोबाइलवर स्वतःहून चालून येते. त्यामुळे कर्ज घेतल्याची जाणीवही उशिरा होते.

क्रेडिट कार्डाचे एक उदाहरण घेऊ. समजा, कार्डावर ५० हजार रुपयांची थकबाकी आहे आणि व्याजाचा दर दरमहा साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज झाले १,७५० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ३१५ रुपये. देयकावर 'किमान देय रक्कम' म्हणून अडीच हजार रुपये दाखवले आणि तेवढेच भरले, तर मूळ रकमेतून कमी झाले अवघे ४३५ रुपये. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही व्याजमुक्त कालावधी मिळत नाही. दरमहा साडेतीन टक्के हा दर ऐकायला किरकोळ वाटतो. चक्रवाढीने तो वर्षाला ५१ टक्क्यांच्या घरात जातो. कार्ड वापरणे वाईट नाही, परंतु पूर्ण देयक दर महिन्याला भरता येत असेल तरच ते वापरावे.

तत्काळ कर्ज देणाऱ्या ॲपबाबत रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम घालून दिले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जमा झाली पाहिजे, वार्षिक खर्चाचा दर आणि सर्व शुल्क आधी लेखी सांगितले पाहिजे आणि ॲपने कर्जदाराच्या मोबाइलमधील संपर्क यादी, छायाचित्रे किंवा फाइल यांना हात लावता कामा नये. ज्या ॲपला संपर्क यादीची परवानगी हवी असते, ते ॲप नियम मोडत आहे असे समजून तेथेच थांबावे.

लवकर सुरू केलेली बचत

कर्जावरचे चक्रवाढ व्याज जसे विरुद्ध काम करते, तसेच बचतीवरचे आपल्या बाजूने काम करते. त्यासाठी सर्वांत आवश्यक असलेली गोष्ट, म्हणजे वेळ, विशीतील तरुणाकडे भरपूर असते.

दोन व्यक्तींची कल्पना करावी. दोघीही दरमहा २ हजार रुपये बाजूला ठेवतात आणि हिशेबापुरता परतावा वार्षिक ८ टक्के धरू. पहिली व्यक्ती २२ व्या वर्षी सुरुवात करते, दुसरी ३२ व्या वर्षी. वयाच्या साठाव्या वर्षी पहिलीने एकूण भरलेले असतात ९ लाख १२ हजार रुपये आणि दुसरीने ६ लाख ७२ हजार. फरक २ लाख ४० हजारांचा. हाती येणारी रक्कम मात्र पहिलीची सुमारे ५९ लाख आणि दुसरीची सुमारे २५ लाख होते. पहिल्या दहा वर्षांतील अडीच लाखांहूनही कमी रकमेने अखेरीस ३४ लाखांचा फरक पाडला. महागाईमुळे त्या वेळच्या रुपयाची किंमत आजच्याइतकी असणार नाही आणि परताव्याची हमीही सर्वत्र नसते; परंतु लवकर सुरुवात करणारी व्यक्ती पुढेच राहील. बत्तिसाव्या वर्षी जास्त पगार असला तरी गेलेली दहा वर्षे विकत घेता येत नाहीत.

घरी पैसे पाठवावे लागणाऱ्या तरुणाला २ हजार रुपयेही जड जाऊ शकतात. त्याने ५०० रुपयांनी सुरुवात केली तरी चालेल. पगाराच्या दिवशीच रक्कम आपोआप वळती होईल अशी व्यवस्था बँकेत करावी. महिनाअखेर उरेल ते ठेवू, असे म्हटले तर बहुधा काहीच उरत नाही. गुंतवणुकीआधी तीन-चार महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम सहज काढता येईल अशा खात्यात असावी. नोकरी अचानक गेली तर महागडे कर्ज घेण्याची वेळ येत नाही, आणि अपमानास्पद नोकरी सोडण्याचे धैर्यही त्यातूनच येते.

नोकरी बदलताना भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढून घेण्याचा मोह अनेकांना होतो. रक्कम लहान वाटते आणि गरज मोठी वाटते. ती काढण्याऐवजी नव्या नोकरीच्या खात्यात वर्ग करावी. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते, आणि मध्येच रक्कम काढल्यास त्या सेवेचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बँक, भविष्य निर्वाह निधी आणि विमा या तिन्ही ठिकाणी वारस म्हणून कोणाचे नाव दिले आहे, हेही एकदा तपासून पाहावे.

शरीराची नोंदवही

विशीत शरीर तक्रार करीत नाही, याचा अर्थ ते नोंद ठेवत नाही असा नाही.

ऐकण्याची क्षमता हे त्याचे चांगले उदाहरण आहे. कानाच्या आतील भागात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या नष्ट झाल्या तर माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १२ ते ३५ वयोगटातील जगभरातील १०० कोटींहून अधिक व्यक्तींना असुरक्षित पद्धतीने ऐकण्यामुळे श्रवणदोषाचा धोका आहे. आठवड्याला ४० तास ऐकायचे असल्यास आवाज सरासरी ८० डेसिबलच्या आत असावा, असे संघटना सांगते. मोबाइलचा आवाज साठ टक्क्यांच्या आसपास ठेवणे आणि अधूनमधून कानांना विश्रांती देणे, इतके पुरेसे आहे.

हाडांची घनता तिशीच्या सुमारास कमाल पातळीला पोहोचते. पुढे तिची भर घालण्यापेक्षा ती टिकवण्याचेच काम राहते. आहार, ऊन आणि व्यायाम यांकडे म्हणूनच या दशकात लक्ष देणे महत्त्वाचे ठरते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोकांना मधुमेहपूर्व अवस्था असल्याचा अंदाज आहे. मधुमेहपूर्व अवस्था वेळीच कळली तर वजन, आहार आणि चालणे यांनी ती मागे नेता येते. आई-वडिलांना मधुमेह असेल तर पंचविशीतच रक्तशर्करा आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

आणखी एक बाब रस्त्यावरची. २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील ६६.५ टक्के व्यक्ती १८ ते ४५ या वयोगटातील होत्या, आणि ५० हजारांहून अधिक मृतांनी हेल्मेट घातलेले नव्हते. 'शिर सलामत तो पगडी पचास' या म्हणीचा इतका शब्दशः अर्थ दुसरीकडे क्वचितच सापडेल. जवळच्या फेरीसाठीही हेल्मेट घालावे आणि त्याचा पट्टा आवळावा. मागे बसणाऱ्यानेही घालावे.

आरोग्य विमाही निरोगी असतानाच घ्यावा. विमा घेण्यापूर्वीच असलेल्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा कालावधी असू शकतो. आजार जडल्यावर धावपळ केली तर नेमक्या गरजेच्या वेळी विमा उपयोगी पडत नाही. कंपनीने काढून दिलेला विमा बहुधा नोकरीबरोबर संपतो, हेही ध्यानात ठेवावे.

मन आणि माणसे

सुधारता न येणाऱ्या गोष्टींत सर्वांत वेदनादायक गोष्ट शेवटी सांगणे आवश्यक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजारांहून अधिक लोकांनी आत्महत्या केली. त्यांतील सुमारे एकतृतीयांश १८ ते ३० या वयोगटातील होते. अशा प्रत्येक घटनेमागे कारण एकच नसते. तरीही या वयात निकाल, नोकरी, नाते किंवा कर्ज यांतील अपयश अंतिम वाटू लागते, हे समुपदेशक आणि पालक दोघेही जाणतात. वर पाहिलेल्या विभागणीत या चारही गोष्टी सुधारता येणाऱ्या गटात बसतात. कर्जाची फेररचना होते, परीक्षा पुन्हा होते, नोकरी दुसरी मिळते आणि तुटलेल्या नात्याचे दुःखही काळाने सौम्य होते. त्या क्षणी मात्र हे एकट्याला दिसत नाही. दाखवायला दुसरे माणूस लागते.

केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही, समुपदेशकाशी बोलता येते. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नसतो. तसाच तो यातही नाही. मित्र गप्प झाला असेल, जेवायला येत नसेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल, तर 'काय झाले' असे सरळ विचारावे आणि त्याच्याजवळ थांबावे.

आणि माणसांविषयी एक शेवटची गोष्ट. लातूर, अकोला, बेळगाव किंवा इंदूर येथून पुणे, बंगळूरु वा दिल्लीला गेलेला तरुण वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि गणपतीला, घरी जातो. आई-वडील पन्नाशीत आहेत असे धरले, तर पुढील दहा वर्षांत अशा भेटी वीसच होतात. शहर सोडून परत जावे, असा याचा अर्थ नाही. आठवड्याचा एक ठरलेला फोन, आईच्या औषधांची विचारपूस, वडिलांकडून शेतीची किंवा घराची कागदपत्रे समजावून घेणे, आजीकडून कुळाची माहिती लिहून घेणे, ही कामे 'पुढे केव्हातरी' या सदरात टाकू नयेत. ती पुढे नेहमीच करता येतील, अशी खात्री नसते.

निर्णयापूर्वीचा एक प्रश्न

कोणताही निर्णय समोर आला की स्वतःला एवढेच विचारावे: हा चुकला तर दोन वर्षांनी मला तो बदलता येईल का? उत्तर 'होय' असेल तर फार घुटमळू नये. अर्ज करावा, नवे शहर पाहावे, नवे काम शिकून पाहावे. चुकण्यासाठी याहून स्वस्त वय पुढे मिळत नाही. उत्तर 'नाही' असेल तर सही करण्यापूर्वी एक रात्र थांबावे, कागद वाचावा आणि अनुभवी माणसाला विचारावे.

या महिन्यात करता येण्याजोगी कामे थोडी आहेत. तयारी चालू असेल तर थांबण्याची तारीख लिहून ठेवावी. पगार सुरू झाला असेल तर आपोआप होणारी बचत सुरू करावी. कार्डावरील थकबाकी पूर्ण फेडण्याचा कार्यक्रम आखावा. खात्यांवरील वारसाचे नाव पाहावे, हेल्मेटचा पट्टा तपासावा आणि घरी फोन करावा. यांतील एकाही कामाला विशेष धाडस लागत नाही, आणि कोणी त्याबद्दल पाठही थोपटणार नाही. तिशीत मागे वळून पाहताना मात्र याच कामांचा आधार वाटतो.